दुसरी वेलांटी

सकाळी नदीवर आंघोळ करून मौलवी गुरुजी घाटाच्या पायऱ्या चढू लागले की परगावचा माणूस हमखास गोंधळायचा. कुणीतरी मागून हाक मारायचं, "अहो मौलवी गुरुजी!" परका माणूस वळून दाढी शोधायचा, आणि त्याला दिसायचे ते ओलं धोतर पिळून खांद्यावर टाकलेले, कपाळाला गंध लावलेले, तोंडानं पुरुषसूक्त पुटपुटणारे एक ठेंगणे देशस्थ ब्राह्मण. दाढीचा पत्ता नाही, मिशा मात्र चांगल्या झुपकेदार. गोदावरीला आम्ही गंगाखेडकर गंगाच म्हणतो. रोज गंगेत बुडी मारणाऱ्या ह्या भिक्षुकाच्या नातवाला सारं गाव मौलवी म्हणायचं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. फारशी शिकवतो तो मौलवी, झालं!

निजामाच्या राज्यात आमच्याकडे वरच्या वर्गांची शाळा उर्दूत असायची. घरात मराठी, शाळेत उर्दू, आणि हुशार पोरांनी वर आणखी फारशी घ्यायची. गुरुजी असेच शिकले, हैदराबादला कॉलेज करून आले आणि गंगाखेडच्या शाळेत फारशी शिकवायला लागले. खडू हातात आला की हा ठेंगणा माणूस भिंतीएवढा दिसायचा म्हणे. 'म्हणे' अशासाठी की मी गावात आले ती नंतर. मी मूळची बोरीची. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठीत सुरू झाल्या, आणि ट्रेनिंग झालेली बाई म्हणून मला गंगाखेडला मुलींच्या शाळेवर नेमलं. मुलांची शाळा आणि मुलींची शाळा एकाच आवारात, मध्ये एक लिंबाचं झाड. माझं वय तेव्हा कोवळं होतं, जीभ मात्र पिकलेली. आमची आई म्हणायची, "हिला नांदवून घेणारा अजून जन्माला यायचाय."

गुरुजींना एक खोड होती. शब्द दिसला की त्याचं माहेर विचारायचं. शब्द म्हणजे लेकीबाळी, नांदतात एका गावी आणि माहेर भलत्याच गावी, असा त्यांचा हिशेब. एकदा एका मुंजीच्या पंगतीत वाढप्या बटाट्याची भाजी घेऊन आला. गुरुजींनी पानावर हात आडवा धरला. "थांब. बटाट्याचं माहेर ठाऊक हाय का तुला? पार पोर्तुगीजांकडून आलाय हा गडी, जहाजात बसून." वाढप्या भाजीचं पातेलं घेऊन तसाच उभा, पुढची सगळी पानं खोळंबलेली. तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून गुरुजींच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला, "अहो, त्याला माहेरी धाडू नका, आधी पानात पडू द्या!" सारा मांडव हसला. सगळ्यात मोठ्यानं गुरुजी हसले आणि त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

मी नवीन होते तेव्हा मला ह्या माहेरपुराणाचा वैताग यायचा. एकदा म्हणाले देखील, "गुरुजी, शब्द आपला की परका एवढं कळलं तरी पुरे नाही का?" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी जणू चहात मीठ टाकलं होतं. म्हणाले, "बाई, घरात नांदायला आलेल्या सुनेला तुम्ही परकी म्हणता का? चार लेकरं झाल्यावरसुद्धा?" मी वाद अर्धा सोडून वर्गावर निघून गेले. असं माझं फार कमी वेळा झालेलं आहे.

आणि मग आमच्याकडं नवे हेडमास्तर आले. पुण्याकडचे होते, तरुण होते, कामाला वाघ. मनानं वाईट मुळीच नव्हते, फक्त आमची मराठी ऐकली की त्यांचं डोकं दुखायचं. "काय करायलास?" असं एक पोरगं दुसऱ्याला विचारताना दिसलं की हे मधे पडायचे, "करायलास नव्हे, करतो आहेस!" पोरगं घाबरून म्हणायचं, "आमी काईच करायलो न्हाई सर." त्यांना वाटलं, आमच्या भाषेत दोनशे वर्षांचा कचरा साचलाय, तो एकदाचा झाडून काढावा. त्यांनी दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: 'शाळेच्या आवारात फारशी शब्द सक्त मना.' गुरुजी ती पाटी वाचून मिशीत हसले. मी विचारलं, "हसायला काय झालं?" तर म्हणाले, "पाठ पार पडू द्या, मग सांगतो."

पाठाची भानगड अशी. फारशी विषय तर बंदच झाला होता. वरून हुकूम आला की जुन्या मास्तरांपैकी ज्याला वर्गावर राहायचं असेल त्यानं तपासनीस साहेबांपुढं मराठीतून एक नमुना पाठ घेऊन दाखवावा. जमला तर मराठीचे वर्ग मिळतील. नाही जमला तर परभणीच्या कचेरीत दफ्तरखान्यात बदली, तिथं जुन्या कागदांचे बस्ते बांधत बसायचं. गावाला वाटलं, ह्यात काय अवघड आहे? गुरुजी घरी मराठीच तर बोलतात! पण अडचण गुरुजींना ठाऊक होती. सारा जन्म त्यांनी वर्गात उर्दूत विचार केला होता. फळ्यासमोर उभं राहिलं की तोंडातून आपोआप "बैठ जाओ" निघायचं. आणि मराठी लिहायची तर ती मोडीत. आपली छापील पुस्तकातली बाळबोध अक्षरं त्यांनी वाचली पुष्कळ होती, लिहिली फारशी नव्हती. "बाई," ते एकदा लिंबाखाली मला म्हणाले, "फळा सुटला तर मी काय करू? दफ्तरखान्यात कागदांना शिकवू?" ते हसत बोलले, पण खडू नसतानाही त्यांची बोटं खडू धरल्यासारखी चाळवत होती.

त्यांच्या मदतीला मी धावून गेले असं मात्र नाही. झालं ते माझ्या जिभेमुळं. पाडव्याच्या दिवशी मी त्यांच्या दारावरून चालले होते. काकूंनी गुढी उभारलेली आणि खाली गुरुजींनी स्वतः रांगोळीनं लिहिलेलं: 'नविन वर्ष सुखाचे जावो.' अक्षर असं देखणं की पाय थांबावेत. पण माझी नजर नेमकी चुकीवर. मी रस्त्यातूनच म्हणाले, "गुरुजी, वीला दुसरी वेलांटी. नवीन. दीर्घ!" ओसरीवर पाडव्याला आलेली चारदोन मोठी माणसं बसली होती. त्यांची तोंडं उघडीच राहिली. कालची पोरगी, आणि गुरुजींचं शुद्धलेखन काढते! मी तिथून सटकलेच.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कुलूप लावत होते, तर पायरीवर गुरुजी उभे. काखेत पाटी, हातात पेन्सिल, टोपी नीट घातलेली. मला वाटलं आता कानउघाडणी होणार. ते म्हणाले, "बाई, मला शिकवा."

मी म्हणाले, "गुरुजी, चेष्टा करताय का?"

"चेष्टा कशाची? तुम्हाला येतं, मला येत नाही. मौलवीसाहेबांकडं फारशी शिकायला गेलो तेव्हा मी बाहेर जोडे काढून बसत होतो. तुमच्याकडं कुठं बसू तेवढं सांगा."

मुलींच्या शाळेच्या ओसरीत, पहिलीच्या पोरींच्या बसकरावर, पन्नाशी ओलांडलेला तो माणूस मांडी घालून बसला. गावात बोभाटा झाला, "मौलवी गुरुजी पोरींच्या शाळंत जायलेत!" पोरी दाराआड उभ्या राहून फिदीफिदी हसायच्या. एकीनं तर धिटाईनं विचारलं, "गुरुजी, तुमाला किती ओळी घरचा अभ्यास दिलाय?" गुरुजींनी तिला खरोखरीच पाटी दाखवली आणि वर म्हणाले, "तुझी बाई लय कडक हाय बरं का." आणि मी होतेच कडक. शिकवायला बसले की मला समोरचं वय दिसत नाही.

पण 'नवीन' काही त्यांच्या हाताला येईना. बाकीचे शब्द हळूहळू रुळले, हा एक मात्र रोज चुकायचा. लिहिताना हात आपोआप पहिल्या वेलांटीकडं वळायचा. मी चिडायचे. ते वाद घालायचे. "बाई, मोडीत ही कटकटच नव्हती. एकच वेलांटी, ऱ्हस्वही तीच नि दीर्घही तीच. उर्दूत तर ऱ्हस्व वेलांटी मनातच ठेवायची, कागदावर काढायचीसुद्धा नाही. आणि तुमच्या बाळबोधीत दोन दोन!" मी म्हणायचे, "दोन आहेत तर दोन. पुन्हा लिहा." शेवटी त्यांनीच एक खूण काढली. म्हणाले, "नवं आलंय, तर ते लवकर संपू नये. म्हणून थोडं लांबवायचं. नवी... न." आणि वी असा काही लांब ओढला की झाडावरचे पोपट उडाले. दोन दिवस बरोबर आलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा 'नविन'.

पाठाचा विषय हेडमास्तरांनी कळवला: 'विशेषण'. गुरुजींचं तोंड उतरलं. एवढा मोठा विषय, त्यात धरावं काय आणि सोडावं काय? रोज वेगळं विशेषण घेऊन यायचे, कधी गोड, कधी काळा, कधी थोर. माझं डोकं उठलं. एक दिवस मी फटकन म्हणाले, "असं करा ना, जो शब्द तुमच्याच्यानं सरळ लिहवत नाही तोच घ्या! नवा घ्या, नवीन घ्या, म्हणजे तरी पाठ होईल!" मी रागानं बोलले होते. गुरुजी मात्र पाटी खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा बाई, वा! त्याच्याएवढं मोठं गोत कुणाचंय?" आणि त्या दिवशीचं शुद्धलेखन न लिहिताच उठून गेले.

तपासनीस साहेब आले. वर्गात मागं खुर्च्या टाकल्या होत्या. साहेब, त्यांच्या शेजारी हेडमास्तर आणि भिंतीकडेला आम्ही बाकीचे मास्तर-बाया. समोर पोरं, त्यात धनगराचा बिरा पहिल्या बाकावर आणि पिंजाऱ्याचा युसूफ शेवटच्या. हा युसूफ पूर्वी वर्गात पटापट उत्तरं द्यायचा. शाळेतून उर्दू गेली आणि त्याचा आवाजच गेला. पोलीस ॲक्शनच्या आगेमागे त्या वर्षांत किती घरांवर काय काय गुदरलं होतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. पोरगं मान खाली घालून बसायचं, विचारलं तरी बोलायचं नाही. गुरुजींना त्याचं फार लागायचं.

गुरुजी आत आले. मी देवाला हात जोडून बसले होते की पहिलं वाक्य उर्दूत निघू नये. गुरुजी म्हणाले, "बसा." मी श्वास सोडला. त्यांनी फळ्यावर 'नवा' लिहिलं आणि म्हणाले, "सांगा, काय काय नवं असतं?" पोरं सुटलीच. नवा सदरा, नवी टोपी, नवे बैल. बिरा उभा राहून म्हणाला, "नवं गवत! पण गुरुजी, नव्या पाण्याचं गवत मेंढराला लय चारू नाई. पोट फुगतंय." साहेब खुदकन हसले. गुरुजी म्हणाले, "ऐका, व्याकरणाबरोबर मेंढरंही वाचली. आता बघा, सदरा नवा, टोपी नवी, गवत नवं, बैल नवे. हे विशेषण मोठं सोशिक. ज्याच्या घरी जाईल त्याच्यासारखं होऊन राहतं. पण ह्याचा एक भाऊ आहे. तो कुणापुढं वाकत नाही. सदरा असो, टोपी असो, बैल असोत, हा आपला जसाच्या तसा." आणि त्यांनी मोठ्या झोकात फळ्यावर लिहिलं: 'नविन'.

अगं माय! हेडमास्तरांची पेन्सिल हातातल्या कागदाकडं गेली. साहेबांनी चष्मा वर केला. मी खोकले. आणखी एकदा खोकले. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, मग फळ्याकडं पाहिलं, आणि त्यांना दिसलं. मला वाटलं, संपलं, आता परभणी आणि बस्ते. गुरुजींनी टोपी सारखी केली आणि साहेबांकडं वळून शांतपणे म्हणाले, "मोडीत वाढलेला हात आहे साहेब. शब्द नवीन, पण हात जुना. पोरांनो, तुमच्या गुरुजींची चूक झालीय, नीट बघून ठेवा, म्हणजे तुमची व्हायची नाही." त्यांनी ती वेलांटी पुसली आणि दुसरी काढली, चांगली डोक्यावरून वळसा घेणारी. "नवं आलंय, तर थोडं लांबवायचं. म्हणा, नवी... न." सगळा वर्ग ओरडला, "नवी... न!" खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माझ्या पोरीही ओरडल्या. साहेबांनी हेडमास्तरांच्या पेन्सिलीवर हलकेच हात ठेवला.

त्यानंतर जे झालं ते मी आजतागायत विसरले नाही. गुरुजींनी फळ्याच्या खालच्या अंगाला संस्कृत 'नव' लिहिलं. त्याच्या शेजारी फारशी 'नौ'. हेडमास्तर खुर्चीत चुळबुळले, दारावरची पाटी होतीच. गुरुजींनी तिकडं लक्षच दिलं नाही. मग इंग्रजांचा 'न्यू' आला, रोमन लोकांचा 'नोव्हुस' आला, ग्रीकांचा 'नेओस' आला. सगळ्यांचा अर्थ एकच, नवा. मग प्रत्येकापासून एक एक रेघ वर काढत नेली आणि सगळ्या रेघा जिथं भेटल्या तिथं एक चांदणी काढली, आणि चांदणीपुढं लिहिलं 'नेवोस'.

"ही ह्या सगळ्यांची आई," ते म्हणाले. "हजारो वर्षांपूर्वीची. तिला कुणी पाहिली नाही, तिचा आवाज कुणी ऐकला नाही, तिचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. पण लेकींची तोंडं शेजारी शेजारी ठेवून पंडितांनी आईचं तोंड ओळखलं. ऐकलेली नाही, ताडलेली आहे, म्हणून ही चांदणी. आणि गंमत बघा, साऱ्या जगात म्हातारी झालेली ही आई, हिचा अर्थ काय? नवी!"

पोरांनी आ वासला होता. गुरुजी म्हणाले, "आता आपल्या घरात हा नवा कुठं कुठं लपून बसलाय, शोधा बरं." कुणी म्हणालं नवल, ते बरोबर निघालं. बिरा म्हणाला, "नवाब!" हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. गुरुजी म्हणाले, "नाही रे. त्याचं माहेर अरबस्तान. नायबाचं अनेकवचन ते, आपल्या गोतात बसत नाही." मग एकजण भीत भीत म्हणाला, "नवरा?" सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी लिहिलं, 'नव' अधिक 'वर'. "नवा वर तो नवरा. घरोघरच्या नवऱ्यांना सांगा, नावात नवा आहे, तसं वागा." मागं आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसत होतो.

आणि शेवटच्या बाकावर युसूफ उभा राहिला. किती दिवसांनी उभा राहिला होता तो! मान अजून खालीच. म्हणाला, "गुरुजी, हमारे में नवरे को नौशा बोलते."

गुरुजींचा खडू हवेत थांबला. त्यांचे डोळे भरून आलेले मला मागं बसूनही दिसले. ते फळ्याकडं वळले आणि 'नव-वर'च्या शेजारी लिहिलं 'नौ-शाह'. "नवा राजा. तो नौशा," ते म्हणाले. आवाज चढत गेला. "बघा, पोरांनो! एका गल्लीत दोन मांडव. इकडं मुंडावळ्या, तिकडं सेहरा. आणि दोन्ही मांडवांत उभा कोण? हाच, नवा! युसूफ, शाबास! हे मला सुचलं नव्हतं. इतकी वर्षं फारशी शिकवली, पण हे तू दाखवलंस." युसूफनं मान वर केली. शेजारच्या पोरानं त्याच्या पाठीत आनंदानं गुद्दा घातला.

साहेब उठून फळ्यापाशी आले. त्यांनी मिस्कीलपणे विचारलं, "गुरुजी, आणि आमच्या नोकरीतला नोकर? तोही ह्यातलाच का?" मला वाटलं, आता अडकले. पण गुरुजी खुलले, "नाही साहेब. तो मंगोलांच्या मुलखातून घोड्यावर बसून आला. मूळ अर्थ सोबती. आपण दोघंही नोकर, म्हणजे मुळात सोबतीच." साहेब पोट धरून हसले आणि तिथंच, पोरांच्या देखत हेडमास्तरांना म्हणाले, "ह्यांना दफ्तरखान्यात पाठवाल तर माझ्याशी गाठ आहे. वरच्या वर्गांची मराठी ह्यांनाच द्या." बिरानं आरोळी ठोकली. धनगराच्या पोराची आरोळी ती, गंगेच्या पैलतीराला गेली असेल. गुरुजी बाहेर गेले, रांजणातलं पाणी घेऊन तोंडावर मारत राहिले, बराच वेळ. मी जवळ गेले तर म्हणाले, "बाई, फळा राहिला."

हेडमास्तरही मोठ्या मनाचे निघाले. तेही रांजणापाशी आले आणि म्हणाले, "गुरुजी, माझी पाटी वाचून तुम्ही हसला होतात, का ते सांगा." गुरुजी संकोचले. मीच म्हणाले, "सांगा की आता!" तेव्हा ते म्हणाले, "काही नाही हो. 'सक्त' फारशी आहे, 'मना' अरबीतून फारशीत आणि तिथून आपल्याकडं. 'फारशी' तर फारशीच. तिन्ही काढले की उरतं, 'शाळेच्या आवारात शब्द'." हेडमास्तर क्षणभर लाल झाले आणि मग असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा रंगवून लागली. खरंच तेवढंच लिहिलेलं होतं: 'शाळेच्या आवारात शब्द.' नवीन येणारा माणूस ती वाचून डोकं खाजवायचा. पुढं हेडमास्तर स्वतःच "काय करायलाव गुरुजी?" म्हणायला लागले, आणि तेही चुकीच्या जागी. आम्ही त्यांना सुधारायचो.

पुढची सगळी वर्षं गुरुजींनी मराठी शिकवली. कुठल्याही वर्गावरून जा, आतून कुणाच्या ना कुणाच्या माहेराची चौकशी ऐकू यायची. युसूफ त्यांच्या हाताखाली शिकून मास्तर झाला, देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेवर गेला. माझं लग्न ठरलं तेव्हा गुरुजी मांडवात आले आणि सगळ्यांसमक्ष माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, नावात 'नव' आहे, विसरू नका. आणि आमच्या बाईंपुढं ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा." बिचारे आजही किराणा मालाची चिठ्ठी लिहून माझ्याकडं तपासायला देतात.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी गुरुजी नोकरीतून मोकळे झाले. गंगाखेडात केवढा जल्लोष! घरोघर तोरणं, हलग्या, लेझीम, बाजारात माणूस मावेना. चौकात गावच्या तरुण मंडळींनी रस्त्याच्या आरपार मोठं पांढरं कापड बांधलं होतं, आणि रंगाऱ्यानं वर लाल अक्षरांत रंगवलेलं: 'नविन राज्याचे स्वागत असो.' मी मिरवणुकीत होते. मान वर केली आणि जागीच थांबले. मागं वळून गुरुजींना शोधते तर ते कधीच पुढं गेले होते. रंगारी अजून डबे घेऊन खालीच उभा होता. गुरुजींनी त्याच्या हातातला कुंचला घेतला, चहावाल्याचं बाकडं ओढलं आणि धोतर सावरत चढले. मिरवणूक थांबली. लेझीम थांबलं. कुणीतरी ओरडलं, "मौलवी गुरुजी, पडाल!" त्यांनी पहिली वेलांटी पांढऱ्या रंगानं झाकली आणि टाचा उंचावून, हात पुरेल तेवढा उंच नेऊन, दुसरी वेलांटी काढली. ती शिरोरेघेच्या वर चांगली हातभर गेली. मग वरूनच गर्दीत मला शोधलं आणि ओरडले, "बाई! बरोबर हाय का?"

मी ओरडले, "बरोबर हाय!"

माझ्या तोंडून 'हाय' कसं गेलं मला कळलं नाही. चौकातल्या एकूण एक माणसानं टाळ्या वाजवल्या. नुसते मास्तरच नव्हेत, ज्यांना वेलांटी म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं त्यांनीसुद्धा वाजवल्या. निजामाच्या राज्यातला मौलवी, ज्याला जुनाट म्हणून दफ्तरखान्यात टाकायला निघाले होते, त्यानं नव्या राज्याचा पहिला शब्द दुरुस्त केला होता. त्या दिवशी मला इतका अभिमान वाटला की मी घरी जाऊन गोडाचा शिरा केला.

पावसाळ्याच्या तोंडावर गुरुजी आणि काकू हैदराबादला मुलाकडं राहायला निघाले. स्टेशनवर निम्मं गाव आलेलं. बिरा एक घोंगडी घेऊन आला होता, युसूफ बायकोला घेऊन आला होता. "ही माझी बेगम, आणि मी अजून नौशाच आहे गुरुजी," तो म्हणाला. गाडी आली. सामान चढलं. मी पदर सावरून गुरुजींच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी झटकन पाय मागं घेतले.

"उलटं करू नका बाई," ते म्हणाले. "शिष्यानं पडायचं असतं पाया." आणि मला काही समजायच्या आत, साऱ्या फलाटादेखत, त्या म्हाताऱ्या माणसानं टोपी काढून काखेत धरली आणि माझ्यापुढं वाकून नमस्कार केला. मी "अहो, अहो" करत राहिले. माझे डोळे गळायला लागले. ते वाकलेलेच.

"आशीर्वाद द्या बाई, गाडी सुटायलीय."

माझ्या आयुष्यात मी कधी शब्दाला अडले नाही, पण त्या वेळी अडले. त्यांच्या पिकल्या डोक्यावर हात ठेवला आणि दीर्घायुषी व्हा म्हणायला गेले, तर तोंडातून एवढंच बाहेर पडलं, "दीर्घ..."

गुरुजी तसेच वाकलेले खदखदून हसले. टोपी घातली, डब्यात चढले, गाडी हलली तशी खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि हात हलवत ओरडले, "आयुष्य राहिलं बाई! पण दीर्घ बरोबर आला!"